ओळीबाहेरचा कुत्रा

कुत्रा नव्हता.

फान मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी आणला आणि दगडवाल्याने पाठवलेला फोटो दोन बोटांनी ताणला. दगडाचा करडा रंग ताणला गेला, मशीनने कोरलेल्या कडा ताणल्या गेल्या, पण कुत्रा काही निघाला नाही. एकाखाली एक तीन अक्षरं होती. वरचं, चहा. खालचं, गरम. दोन्ही बरोबर. मधल्या अक्षराच्या डाव्या अंगाला, पाठीला पोक काढून उभा असलेला तीन रेघांचा जो कुत्रा असायला हवा होता, त्याच्या जागी नुसता गुळगुळीत दगड. कुत्रा गेला तरी कानाला काही कळत नाही. उच्चार तोच, योउ. अर्थ मात्र पार बदलतो. कुत्र्याचा योउ म्हणजे जणू, किंवा अजून. बिनकुत्र्याचा योउ म्हणजे फार, विशेष, एकदम. चहा एकदम गरम. बायकोच्या थडग्यावर हे. बस स्टँडसमोरच्या टपरीवर लावतात तशी पाटी. आणि परवा दोंगझी, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. परवाच युनश्यांगच्या अस्थी त्या दगडाखाली ठेवायच्या होत्या.

"मास्तर, काय एवढं बघताय फोटोत?" नूडल्सच्या दुकानातली काउंटरवरची बाई म्हणाली. "इकडे नूडल्सचे दोरखंड झाले. नवी बायको शोधताय का?"

"दगडाचा फोटो आहे."

"मग तो काही पळून जात नाही. खा आधी."

त्यांनी काड्या उचलल्या, खाली ठेवल्या. भल्या सकाळी, पाणी गढूळ व्हायच्या आत, पहिल्या पाण्यातल्या नूडल्स खायला ते मुद्दाम लवकर यायचे. सुचौच्या माणसाला एवढी एक चैन पुरते. पण आज तोंडाला चवच राहिली नाही. त्या बाईला सांगावं असं एकदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची? आधी तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवायचं, मग कुत्रा कुठे असतो ते दाखवायचं, मग तुलना म्हणजे काय ते सांगायचं. तोवर तिच्याकडे दहा गिऱ्हाइकं येऊन जाणार, आणि ती म्हणणार, हं, असं का, बरं. हे ‘असं का, बरं’ त्यांनी शाळेत जन्मभर ऐकलं होतं. मुलं मान हलवायची आणि खिडकीबाहेर बघायची. जुनी भाषा शिकवणाऱ्या मास्तराकडे लोक मेलेल्या माणसाच्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघतात. सहानुभूती असते, पण घाईही असते.

तुलनेचे शब्द ते एका घरातल्या भावांसारखे शिकवायचे. रू, रुओ, स, वान. हे चौघे सरळ स्वभावाचे. ‘सारखा’ म्हणाले की सारखा, म्हणजे तोच नव्हे. चंद्रासारखा चेहरा म्हटलं की चेहरा हा चंद्र नाही हे आधीच कबूल केलेलं असतं. प्रत्येक ‘सारखा’च्या पोटात एक ‘नाही’ दडलेला असतो, असं ते फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, कारण मुलांकडे तोंड करून असं काही म्हणायची त्यांना लाज वाटे. पाचवा भाऊ योउ. हा घुमा. हा जणू म्हणतो आणि त्याच श्वासात अजून म्हणतो. पुढे एखादी वस्तू आली तर जणू धरायचं आणि एखादी अवस्था आली तर अजून धरायचं, असा नियम गाइडात दिलेला होता, आणि मास्तरही तोच सांगत. एक शब्द, एका जागी एक अर्थ. परीक्षेत दोन्ही लिहिणाऱ्याचे गुण कापायचे. पण घरी येताना सायकलवर त्यांना शंका यायची. ज्याने पहिल्यांदा हा शब्द लिहिला असेल त्याला खरंच दोन गोष्टी म्हणायच्या होत्या का? की त्याला ती एकच गोष्ट वाटत होती, आणि तिचे दोन तुकडे नंतर आपण केले? ही शंका त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नाही. आपण कोण लागून गेलो, असं त्यांना वाटायचं. मोठमोठ्या विद्वानांनी कोश लिहून ठेवलेत, आणि आपण एका मिडल स्कूलचे मास्तर.

बस डोंगराच्या दिशेने निघाली तेव्हा त्यांना आठवलं, की मफलर नूडल्सच्या दुकानातच राहिला. युनश्यांग असती तर म्हणाली असती, डोकं मानेला चिकटलेलं आहे म्हणून बरं. ती रेशीम गिरणीत होती. उकळत्या पाण्यातल्या कोशांमधून धाग्याचं टोक बोटांनी पकडायचं काम. त्या कामाने तिच्या बोटांची टोकं पांढुरकी, सुरकुतलेली आणि जवळजवळ बधिर झाली होती. मास्तरांना चटका बसेल अशी वाटी ती नुसत्या हातात धरून उभी राहायची आणि बोलत राहायची. रोज संध्याकाळी ती चहा करून झाकणाच्या कपात त्यांच्या टेबलावर ठेवी. ते पुस्तकात. चहा राहून जाई. खूप वेळाने ती आतून विचारी, घेतलात का? नाही म्हटलं की येऊन कपाला हात लावी आणि म्हणे, घ्या, अजून गरम आहे. तो कधीच गरम नसे. गार ढोण. पहिली काही वर्षं त्यांना वाटलं, बधिर बोटांना कळत नसेल. मग वाटलं, कळतं, पण पुन्हा चूल पेटवायचा कंटाळा. त्यानंतर कधीतरी त्यांनी याचा विचार करणं सोडलं आणि तो गार चहा गरम असल्यासारखा फुंकर घालून प्यायला लागले. ती दारात उभी राहून बघायची. दोघांपैकी कुणी कधी हसलं नाही. ती गेल्यावर दगडावर काय लिहायचं म्हणून दुकानदाराने छापील ओळी दाखवल्या. ‘आवाज नि चेहरा जणू इथेच’ ही सगळ्यांत खपणारी. तिच्यात वान होता, सरळ स्वभावाचा भाऊ. म्हणजे आवाज इथे नाही, चेहरा इथे नाही, हे आम्हांला कबूल आहे. मास्तर घरी गेले. सगळा उन्हाळा कागद फाडण्यात गेला. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा एका सकाळी दात घासताना ती तीन अक्षरं आली. चहा, योउ, गरम. तिचंच वाक्य. ती म्हणायची तेव्हा अजून, ते प्यायचे तेव्हा जणू. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं वाटलं की आपल्याला हा शब्द कळला. तोंडात फेस तसाच ठेवून ते बराच वेळ आरशासमोर उभे राहिले होते.

डोंगराच्या पायथ्याशी दगडवाल्यांची दुकानं ओळीने होती. लू शेठच्या भुवया दगडाच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या, हातात सूर्यफुलाच्या बिया.

"या या मास्तर. आवडला ना? सोनेरी रंगाचे दोन हात दिलेत."

"मधलं अक्षर चुकलंय."

"योउ ना?" लू शेठने दगडाकडे मान वळवली. "योउच आहे की."

"हा तो योउ नाही. मी कागदावर लिहून दिला होता. डावीकडे कुत्रा होता."

"मास्तर, इथे रोज माणसं येतात. कुणाला नाव मोठं हवं असतं, कुणाला थोरली सून दगडावर नको असते. योउ कुठला, असं विचारणारे तुम्हीच पहिले." त्याने एक बी दातात फोडली. "वाचलं की योउ. ऐकलं की योउ. वर गेलेल्यांना ऐकूच येत असणार ना, वाचायला चष्मा कुठून आणणार?"

"‘चहा एकदम गरम’ असा अर्थ होतो त्याचा."

"मग चांगलं आहे की. गार असण्यापेक्षा."

मास्तरांना रागावता येत नसे. राग आला की शब्द मागे सरत आणि डोळ्यांत पाणी येई, आणि समोरच्याला वाटे, म्हातारा रडतोय. त्यांनी दगडावर हात ठेवला. बिनकुत्र्याच्या योउचा अजून एक अर्थ होता, तो त्यांना बसमध्ये आठवला होता आणि त्यांनी मागे लोटला होता. दोष. ठपका. जुन्या भाषेत तो अर्थही चालतो. त्या अर्थाने वाचलं तर ती ओळ नुसती पाटी राहत नव्हती, तक्रार होत होती. इतक्या वर्षांच्या गार चहाची.

"तुमच्या मशीनची चूक तुम्ही दुरुस्त करा," ते कसेबसे म्हणाले.

लू शेठने बियांची टरफलं मुठीत गोळा केली. "मशीनची चूक नाही मास्तर. उगाच मशीनला कशाला बोलायचं. तुमच्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, कुत्रा काढा. मला वाटलं, घरात ठरलं असेल."

मुलीचं नाव रुओ. तेही तुलनेच्याच शब्दांपैकी एक, सारखी. ती झाली तेव्हा मास्तरांना ते नाव फार सुंदर वाटलं होतं, एका अक्षराचं, मोकळं. मोठी झाल्यावर ती विचारायची, सारखी म्हणजे कुणासारखी? त्यांना उत्तर देता यायचं नाही. तासाभराने ती इलेक्ट्रिक स्कूटरवरून आली, दातांच्या दवाखान्यातला पांढरा कोट जाकिटाखाली तसाच, हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागली.

"लू शेठ, तुम्ही सांगितलंतच ना शेवटी."

"मी काय करू ताई? ते मशीनवर घसरले."

"बाबा, थंडीत मफलर कुठाय तुमचा?"

"कुत्रा का काढलास?"

तिने हेल्मेट स्कूटरच्या आरशाला अडकवलं. "आईच्या जन्माचं साल ड्रॅगनचं, त्याचं नि कुत्र्याच्या सालाचं हाडवैर. ड्रॅगनच्या डोक्यावर कुत्रा कोरतात का कुणी? दवाखान्याशेजारच्या दुकानातल्या बाईला तुमची ओळ दाखवली, तर तिनं बघताक्षणी विचारलं मला, तुझ्या आईशी कुणाचं वैर आहे का म्हणून."

"तो कुत्रा नाही. तो अक्षराचा भाग आहे."

"आत्ता तुम्हीच कुत्रा म्हणालात."

लू शेठने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"तू हे मानतेस?" मास्तरांनी विचारलं. "शिकलेली तू."

"मानत नाही." ती दगडाकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. "पण आई आयुष्यभर आजारी होती. एक हिवाळा धड गेला नाही तिचा. आजी म्हणायची ते मी लहानपणापासून ऐकलंय. मानत नसले तरी आईच्या बाबतीत मला आता काही पणाला लावायचं नाही. तेवढंच. आवाज तर तोच राहतो ना? तुम्हांला कळणार पण नाही असं वाटलं होतं." मग स्वतःशीच म्हणाली, "कळणार नाही कसं म्हणा. डोळे फक्त तेवढ्यालाच चांगले आहेत."

मास्तरांनी तिला अर्थ सांगायला सुरुवात केली. तळहातावर बोटाने अक्षर काढलं, जणू सांगितलं, अजून सांगितलं, आईचं वाक्य सांगायला गेले आणि तिथे अडखळले, कारण तो कप, ते झाकण, ते दारात उभं राहणं, हे कुणाला सांगितलं की ती एका म्हाताऱ्याची गोष्ट होते. तेव्हा ते परत नियमावर आले. पुढे अवस्था आली की अजून, पण इथे माणूस गेलेलं आहे म्हणून जणू, पण नुसतं जणू नाही, दोन्ही एकदम.

रुओ ऐकत होती. मग म्हणाली, "आठवतंय तुम्हांला? आठवीत मी तुमच्याच वर्गात होते. याच शब्दाचा प्रश्न होता. मी दोन्ही अर्थ लिहिले होते. तुम्ही अर्धा गुण कापलात. सगळ्या वर्गासमोर म्हणालात, फान रुओ, मन एका ठिकाणी ठेवायला शीक." ती हसली नाही. "तेव्हा दोन्ही चालत नव्हतं. आता चालतं?"

मास्तरांना तो अर्धा गुण आठवत नव्हता, पण तो कापला असणार यात शंका नव्हती. लाल शाईची ती तिरकी रेघ अजून आपल्या मनगटात आहे असं त्यांना वाटलं.

"हे बघा," लू शेठ मध्ये पडला. त्याने अक्षराच्या डावीकडे बोट ठेवलं. "तीन रेघा आहेत. हातानं छिन्नीनं घालतो. पण अक्षर मधोमध बसवलंय. कुत्रा ओळीच्या बाहेर येणार. उंबऱ्याबाहेर बसल्यासारखा दिसेल. नको असेल तर नवा दगड. पण परवापर्यंत नवा दगड मी काय, माझा बापही देणार नाही. मग छिंगमिंगपर्यंत थांबा. मधल्या काळात कबर उघडत नाहीत, तुम्हांला ठाऊकच आहे."

छिंगमिंग, कबरी झाडायचा सण, थेट वसंत ऋतूत. तोवर युनश्यांग दफनभूमीच्या कचेरीमागच्या खोलीत, फळीवर, इतरांच्या अस्थींच्या डब्यांमध्ये. तिला थंडी सोसत नसे. मास्तर दगडाकडे बघत राहिले. उजवीकडे तिचं नाव, काळ्या रंगात. शेजारी त्यांचं स्वतःचं, लाल रंगात, कारण ते जिवंत होते. मेल्यावर त्यावर काळा हात फिरवायचा. हे इतके दिवस त्यांनी पाहिलं होतं, पण बघितलं नव्हतं. लाल अक्षरांत आपण तिच्याजवळ उभे आहोत, परवानगीची वाट बघत. आणि मग त्यांना आपलं साल आठवलं. त्यांच्या जन्माचं साल कुत्र्याचं. लग्न ठरताना युनश्यांगच्या आईने त्याच एका गोष्टीवर नकार दिला होता. ड्रॅगनच्या घरात कुत्रा आला तर ड्रॅगनचं अंग दुखतं. युनश्यांग तेव्हा आईला म्हणाली होती म्हणे, बघू, आधी भुंकतो का ते तरी बघू. तो मुळी भुंकलाच नाही. नंतरही कधी रागावली की ती तेवढंच म्हणायची, आई चुकली, हा कुत्रा भुंकतच नाही.

"रुओ," ते म्हणाले, "माझं साल कुठलं?"

ती त्यांच्याकडे वळली. तिला माहीत होतं. तसा विचार तिने कालपर्यंत केला नसेल, पण आत्ता, या क्षणी, तिचा चेहरा बदललेला त्यांनी पाहिला.

"मी याच दगडावर येणार आहे. मला कुठे काढशील?"

"असं कुठे म्हटलं मी, बाबा?"

"तसं नाही म्हटलंस."

"तुम्ही लाल आहात," ती चिडून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे मात्र तिने त्यांच्याकडून घेतलं होतं. "तुम्ही अजून लाल आहात."

अजून. तिने साधा रोजच्या बोलण्यातला शब्द वापरला होता, बाजारातला, ज्याला दुसरा अर्थ नाही. मास्तरांना त्या शब्दाचाही राग आला, तिचाही आला, लू शेठच्या बियांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, की पन्नास वर्षं ज्या अक्षरावर आपण पोट भरलं ते एका दगडावर धड उतरवून घेता येत नाही आपल्याला. मग तो राग नेहमीसारखा मागे सरत गेला आणि जिथे तो जातो तिथे जाऊन बसला. ते म्हणाले, "राहू दे तसंच. माझं नाव काळं कराल तेव्हा कुत्रा घाला. तोपर्यंत त्याला बाहेरच राहू दे."

"लक्षात कोण ठेवणार?" लू शेठ म्हणाला. "मी काही अमर नाही."

परतताना रुओने स्कूटर हळू चालवली. मास्तर मागे बसले होते, तिच्या हेल्मेटवर कुठल्यातरी औषधाची जाहिरात होती, आणि ती अख्खा रस्ता त्यांना वाचावी लागली.

दोंगझीच्या आदल्या संध्याकाळी तिने त्यांच्या घरी येऊन जेवण केलं, दोंगझीलाच मिळणारी, पारिजातकासारखा वास येणारी गोड दारू आणली, आणि रीतीप्रमाणे टेबलावर युनश्यांगसाठी एक वाटी, एक काड्यांची जोडी जास्त मांडली. दोंगझी नव्या वर्षाएवढी मोठी, असं गावातले लोक म्हणतात. त्यातही तुलनेचा एक भाऊ लपलेला आहे, आणि अर्थात त्याच्या पोटात ‘नाही’ आहेच. मास्तरांनी हे बोलायला तोंड उघडलं आणि मासा घेतला.

सकाळी डोंगरावर वारा होता. कामगारांनी डबा खाली ठेवला, वरची फरशी सिमेंटने बसवली आणि दुसऱ्या कबरीकडे गेले. त्या दिवशी त्यांना फार कामं होती. सिमेंट ओलं असताना कुणीतरी म्हटलं, झालं हं. इतकं लवकर झालं. मास्तर ओळीसमोर उभे राहिले. चहा एकदम गरम. शेजारच्या कबरीवरचं एक कुटुंब आवरून जाताना थांबलं, एका बाईने ती ओळ मोठ्याने वाचली आणि कौतुकाने म्हणाली, "चहाची आवड होती वाटतं." रुओने "हो" म्हणून टाकलं. आता असंच होणार होतं. दर छिंगमिंगला, दर दोंगझीला, वाचणारा प्रत्येक जण वाचणार आणि मान हलवणार, आणि त्यांनी प्रत्येकाला थांबवून तळहातावर अक्षर काढून दाखवायचं ठरवलं तरी आयुष्य पुरणार नव्हतं.

रुओने थर्मासमधून झाकणाच्या कपात चहा ओतला आणि दगडासमोर ठेवला. नमस्कार झाले. पितरांना पोचवायचे कागद जाळून झाले. राख उडून तिच्या केसांत गेली. मग तिने कप उचलून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या तुम्ही. अजून गरम आहे."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा नेहमीचाच होता, थंडीने नाक लाल. तिने काही मुद्दाम म्हटलेलं नव्हतं. त्यांनी कप घेतला. वाऱ्यात इतका वेळ राहून तो दगडाइतकाच गार झाला होता. त्यांनी फुंकर घातली. पण प्यायले नाहीत. कप तिच्याकडे परत केला.

"काढून दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"कुत्रा. लक्षात कोण ठेवणार म्हणाला ना तो. तू ठेवणार. काढून दाखव."

ती थोडी घुटमळली. आजूबाजूला पाहिलं. मग तिने चहात बोट बुडवलं, खाली वाकली आणि अक्षराच्या डावीकडे, ओळीच्या बाहेर, वाकलेली उभी रेघ ओढली.

"पाठ आधी नाही," मास्तर म्हणाले. "आधी वरची तिरपी. मग पाठ. मग खालची तिरपी."

"दिसायला एकच दिसतं, बाबा. क्रम कोण बघतंय?"

"पुन्हा."

तिने बोट बुडवलं. आधी वरची तिरपी, मग पाठ. खालची तिरपी ओढेपर्यंत वरची वाऱ्याने सुकून गेली होती. तो अर्धाच उभा होता, डोकं नसलेला, उंबऱ्याबाहेर.

"हळू काढतेस. पुन्हा काढ."

कपात थोडा चहा उरला होता. रुओने बाही नाकावरून फिरवली आणि पुन्हा बोट बुडवलं.